हशाची रंगीत तालीम

दिवाळी आटोपली, हलका धान घरात आला की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. साकोली तालुक्यातलं सानगडी हे गाव एरवी सहानगडाच्या किल्ल्यासाठी माहीत असलेलं. पण या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबद्दल लोक एकच विचारतात, तुमच्याकडे मंडई कधी? दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबीची कढई. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक.

समजा, एखाद्या चित्रकाराला ही मंडई तैलरंगात रंगवायची आहे, आणि तीही बघणाऱ्याला हसू फुटेल अशी. त्याच्या मनातला प्रसंग असा: खडी गंमत रंगात आली आहे, सोंगाड्या काहीतरी चावट बोलला आहे आणि सगळा घोळका त्याच्याकडे बघून खिदळतो आहे. घोळक्यातला एकच माणूस हसत नाही. त्याचा हात खिशात गेला आहे आणि खिसा रिकामा आहे. त्याच्या शेजारचा सद्‌गृहस्थ सर्वांत मोठ्यानं हसतो आहे, कारण पाकीट त्याच्याकडे आहे. आणि खाली, मोठ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर, जिलेबी चघळणारं एक पोरगं सोंगाड्याकडे न बघता त्या हसणाऱ्या गृहस्थाच्या हाताकडे टक लावून बघतं आहे.

आता हा चित्रकार सुरुवात कुठून करणार? आपल्याला वाटतं, चेहऱ्यांपासून. विनोदी चित्र म्हणजे वेडीवाकडी तोंडं, ही आपली समजूत व्यंगचित्रांनी पक्की केलेली आहे. पण एकोणिसाव्या शतकात युरोपात ज्यांनी असली गर्दीची, हसवणारी चित्रं रंगवून नाव आणि पैसा दोन्ही कमावले, ते चेहऱ्यांकडे फार उशिरा वळत. आधी ते एक छोटं, ओबडधोबड ऑइल स्केच करत. चित्र हसवणार की पडणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरत असे.

ऑइल स्केच म्हणजे पेन्सिलीनं काढलेला कच्चा आराखडा नव्हे. ते रंगवलेलंच चित्र असतं, फक्त लहान आणि घाईचं. जाड पुठ्ठा, लाकडाची फळी किंवा कॅनव्हासचा तुकडा घ्यायचा. त्यावर अंबरसारखा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे एक हात फिरवायचा. मग मोठ्या ब्रशनं गडद जागा पाडायच्या: घोळक्याच्या पाठी, मांडवाचा खांब, रात्रीचं आभाळ. शेवटी उजेड, पांढऱ्यात जरासा पिवळा मिसळून, जाडसर. चेहऱ्याच्या जागी नुसता मातकट ठिपका आणि त्या ठिपक्याच्या एका कडेला उजेडाचा एकच फटकारा. फटकारा डावीकडे दिला तर माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे दिला तर उजवीकडे. नाक, डोळे, ओठ काहीच नाही. तरी कोण कुठं बघतंय हे दहा फुटांवरून कळतं.

तेलरंगच का? एक तर तो लगेच सुकत नाही. चार ठिपके चुकीच्या जागी पडले तर चिंधीनं पुसून दोन बोटं सरकवता येतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पेन्सिलीला रेष कळते, वजन कळत नाही. मंडईच्या चित्रात कोपऱ्यात एका बाईनं लालभडक लुगडं नेसलं असेल तर बघणाऱ्याची नजर आधी तिथं धावणार आणि पाकिटाची भानगड नजरेतून सुटणार. पेन्सिलीच्या आराखड्यात ते लुगडं निरुपद्रवी दिसतं. रंग लावला की ते आरडाओरडा करू लागतं. चित्रकार डोळे बारीक करून स्केचकडे बघतो ते याच्यासाठी: तपशील पुसट व्हावेत आणि कुठला डाग उगाच ओरडतोय ते दिसावं.

आपल्या स्केचमध्ये त्या पोराच्या ठिपक्यावरचा उजेड फिरवून बघा. पोरगं सोंगाड्याकडे बघू लागलं की पाकीटमार निव्वळ आणखी एक हसणारा माणूस होतो. विनोद संपला. चेहरे नंतर कितीही कसबानं रंगवा, तो परत यायचा नाही.

खडी गंमत बघणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. तिथं नेपथ्य नाही, बसायला जागा नाही. नट उभे आणि लोक चहूबाजूंनी. शब्द त्याच रात्री सुचलेले असले तरी चालतं, पण सोंगाड्यानं शाहिराकडे पाठ केव्हा करायची आणि लोकांकडे तोंड केव्हा वळवायचं हे चुकलं तर टाळी पडत नाही. ऑइल स्केच ही चित्रकाराची तालीम, आणि तीही रंगीत.

या प्रकारातला एकोणिसाव्या शतकातला उस्ताद म्हणजे स्कॉटलंडचा डेव्हिड विल्की. १७८५ साली फाइफ परगण्यातल्या कल्ट्स या खेड्यात, तिथल्या धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला. एडिंबरामध्ये चित्रकला शिकून तो गावी परतला आणि १८०४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं शेजारच्या पिटलेसी गावची जत्रा रंगवायला घेतली. शंभराहून जास्त माणसं, गुरं, दारूचे गुत्ते, भांडणं, पोरंटोरं. आपल्या मंडईची चुलत बहीणच. माणसं आणायची कुठून, हा प्रश्न त्यानं सोपा करून टाकला: वडील प्रवचन देत असताना तो चर्चमध्ये बसून डुलक्या घेणाऱ्या गावकऱ्यांची तोंडं गुपचूप उतरवून घेई, असं त्याच्या चरित्रात सांगतात. चित्र मात्र अजून पोराचंच आहे. प्रत्येक कोपऱ्यात एक वेगळा विनोद चाललेला आणि सगळ्यांना जोडणारा धागा नाही. नजर कुठं ठेवावी हेच कळत नाही.

सातएक वर्षांनी हाच विल्की लंडनमध्ये आंधळी कोशिंबीर रंगवत होता, ब्रिटनच्या युवराजासाठी. पुरं झालेलं चित्र १८१२ चं, आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्याचं १८११ च्या सुमाराचं छोटं ऑइल स्केच लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. खोलीत डोळे बांधलेला माणूस हात पुढे करून चाचपडतो आहे आणि बाकीची मंडळी त्याच्यापासून सुटायला एकमेकांवर रेलत, चेंगरत बाजूला होत आहेत. इथं बहुतेक डोकी त्या पुढं आलेल्या हातांच्या संदर्भात वळलेली आहेत. ज्याला दिसत नाही तो मध्यभागी आणि ज्यांना दिसतं ते बहुतेक त्याच्याकडे बघणारे. बघणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. पिटलेसीच्या जत्रेत जे जमलं नव्हतं ते इथं जमलं, आणि ते जमण्याची जागा हे स्केच.

गंमत अशी की विल्कीच्या वीसएक वर्षं आधी स्पेनमध्ये गोयानंही हाच खेळ रंगवला होता. राजवाड्यातल्या भिंतींवर लावायच्या विणकामासाठी मोठी चित्रं करून द्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्यासाठी त्यानं १७८८ मध्ये आंधळ्या कोशिंबिरीचं जे छोटं स्केच केलं ते ४१ बाय ४४ सेंटिमीटर, म्हणजे मांडीवर मावेल एवढं. त्यावरून पुढच्या वर्षी झालेलं चित्र २६९ बाय ३५० सेंटिमीटर, क्षेत्रफळानं पन्नासपटीहून मोठं. दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. गोयाची मंडळी हात धरून रिंगण करतात आणि डोळे बांधलेल्याच्या हातात लाकडी डाव असतो, त्यानं तो लोकांना शोधतो. रिंगण असल्यामुळे सगळेच सारखे दिसतात, सगळेच सारखे महत्त्वाचे. चित्र देखणं आहे, गोड आहे, पण विल्कीसारखं हसवत नाही. विल्कीनं रिंगण मोडून माणसं एका बाजूला दामटली आणि पळापळ उभी केली. एकच खेळ, एकच माध्यम. फरक आहे तो माणसं कुठं उभी केली याचाच.

गोयाच्या त्याच कामातलं दुसरं एक स्केच सान इसिद्रोच्या जत्रेचं आहे: नदीकाठचं कुरण, छत्र्या, घोडागाड्या, हजारो माणसं, लांबीला जेमतेम नव्वद सेंटिमीटर. त्यावरून भिंतभर चित्र व्हायचं होतं. पण १४ डिसेंबर १७८८ ला राजा तिसरा कार्लोस वारला आणि बाकीचं काम बारगळलं. मोठं चित्र कधी झालंच नाही. मला स्वतःला ते भाग्यच वाटतं. ती ठिपक्यांची गर्दी मोठ्या कापडावर एकेक नाकडोळे घेऊन उभी राहिली असती तर तिच्यातली हवा निघून गेली असती.

सगळ्याच हसवणाऱ्या चित्रांना गर्दी लागत नाही. म्युनिकच्या कार्ल श्पिट्सवेगनं १८३९ साली गरीब कवी रंगवला तो एकटाच आहे. श्पिट्सवेग मुळात औषधं बनवणारा. चित्रकला स्वतःच शिकलेला. माळ्यावरच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीत, टोपी घालून कवी पडला आहे. लेखणी दातांत धरली आहे. छप्पर गळतं म्हणून डोक्यावर उघडी छत्री टांगली आहे, शेगडी गार आहे आणि तिच्यापाशी जळणाऐवजी त्याच्याच हस्तलिखितांचे गठ्ठे ठेवलेले आहेत. त्याला बघायला चित्रात दुसरं कोणी नाही. म्हणून तिथं हसवायचं काम वस्तूंकडे आलं. ती काळी, पसरलेली छत्री जरा लहान झाली असती किंवा कोपऱ्यात गेली असती तर उरली असती फक्त गरिबी. चित्र आहे अवघं ३६ बाय ४५ सेंटिमीटरचं, आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं. म्युनिकच्या प्रदर्शनात ते तेव्हा लोकांना फारसं रुचलं नाही. आज जर्मनीत शाळकरी पोरंही ते ओळखतात.

स्केचचा आणखी एक उपयोग होता, आणि तो सरळ व्यवहाराचा. गिऱ्हाइकाला आगाऊ दाखवायला काहीतरी लागतं. १६२० साली अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या छतासाठी ३९ चित्रांचा जो करार झाला त्यात लिहिलेलं होतं की छोटी स्केचेस चित्रकार रूबेन्सनं स्वतःच्या हातानं करायची; मोठी चित्रं व्हॅन डाइक आणि बाकीच्या शिष्यांनी रंगवली तरी चालतील. म्हणजे उस्तादाचा हात कुठं मोलाचा आहे हे त्या पाद्र्यांना चांगलं ठाऊक होतं. १७१८ मध्ये चर्चला आग लागली, छतावरची सगळी चित्रं जळाली. स्केचेस त्यातून वाचली, म्हणून ते छत कसं होतं ते आपल्याला कळतं.

विल्कीचं वेलिंग्टनच्या ड्यूकसाठी केलेलं काम याच वळणाचं. ड्यूकला हवे होते दारूच्या गुत्त्याबाहेर बसून गप्पा मारणारे म्हातारे सैनिक. स्केचेस दाखवत, बदलत, पुन्हा दाखवत वर्षं गेली आणि शेवटी त्यातून वॉटर्लूच्या विजयाची बातमी वाचणारा घोळका तयार झाला. १८२२ साली चित्र रॉयल अकादमीत लागलं तेव्हा लोटलेली गर्दी आवरायला पुढं कठडा लावावा लागला. ड्यूकनं १,२०० गिनी मोजल्या, म्हणजे १,२६० पौंड.

तसाच कठडा पुन्हा लागला तो १८५८ मध्ये, विल्यम पॉवेल फ्रिथच्या डर्बीच्या चित्रापुढे. एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीला फ्रिथ १८५६ साली गेला आणि त्याला शर्यतीपेक्षा ती बघायला आलेली माणसंच जास्त आवडली. स्केच तयार झालं, ते बघून जेकब बेल या औषधांच्या व्यापाऱ्यानं १,५०० पौंडांना मोठ्या चित्राची मागणी नोंदवली. गॅम्बार्ट नावाच्या विक्रेत्यानं त्याच्या छापील प्रती काढायचे आणि चित्र ठिकठिकाणी दाखवायचे हक्क वेगळे १,५०० पौंडांना घेतले. सव्वादोन मीटर लांबीच्या त्या कॅनव्हासवर शर्यतीचे घोडे दूर कुठंतरी आहेत. पुढं आहे ती माणसांची जत्रा. डाव्या बाजूला फसवणुकीच्या खेळाचा अड्डा आणि त्यात खिसे रिकामे करून बसलेला एक कोवळा तरुण. हा माणूस आपल्या मंडईतही दरवर्षी असतो.

पण चित्राचा खरा खिळा मध्यभागी आहे. पांढऱ्या पोशाखातलं डोंबाऱ्याचं पोर. त्याचा बाप हात पसरून त्याला कसरतीला बोलावतो आहे आणि पोराचं लक्षच नाही. ते मान वळवून बघतं आहे शेजारच्या नोकराकडे, जो श्रीमंतांच्या जेवणाची पंगत गवतावर मांडतो आहे. एवढ्या मोठ्या गर्दीत बहुतेक सगळे काही ना काही बघायला आलेले. ज्यानं बघण्यासारखं काही करून दाखवायचं, तोच भुकेनं भलतीकडे बघतो. तिथं आधी हसू येतं आणि मग ते घशात अडकतं. ती मान किती वळवायची, बापाच्या हातांपासून नोकराच्या ताटापर्यंत अंतर किती ठेवायचं, हे प्रश्न मॉडेल समोर बसवून सुटणारे नाहीत. मॉडेल चेहरा देतो, हात देतो, कपड्याची चुणी देतो. अंतर देत नाही.

लहान दिसतं ते प्रत्येक चित्र स्केच असतं असं मात्र नाही, आणि लिलावात यावरून बरीच फसगत होते. गाजलेल्या चित्रांच्या छोट्या आवृत्त्या चित्रकार मागाहून स्वतःच करून विकत. डर्बीचंच दुसरं चित्र फ्रिथनं पस्तीसएक वर्षांनी केलं, ते मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. ओळखायचं कसं? मागाहून केलेल्या चित्रात शंका नसते. सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे उभे असतात. खऱ्या स्केचमध्ये खाडाखोड असते: रंगाखालून डोकावणारा जुना हात, पुसलेल्या टोपीची कडा, पुऱ्या चित्रात जिला जागा मिळाली नाही अशी एखादी म्हातारी, आणि कोपऱ्यात नुसतं तपकिरी अस्तर, कारण तिथं काही महत्त्वाचं घडत नाही हे चित्रकाराचं ठरून गेलेलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. तैलरंगाचं रीतसर शिक्षण मराठी मुलखात आलं ते १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत मॉडेल, मग कॉम्पोझिशन, असा तो क्रम. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि दरवर्षीच्या प्रदर्शनाची पदकं हे तरुण चित्रकारांचं लक्ष्य झालं. हसवणारी चित्रं त्या वाटेनं येऊ शकली असती. पेस्तनजी बोमनजींनी पारशी घरांतले प्रसंग रंगवले. पोपटाला खाऊ घालणाऱ्या बाईचं त्यांचं चित्र १८८२ चं. रविवर्म्यानं १८९३ मध्ये ‘देअर कम्स पापा’ रंगवलं, ज्यात आई मुलाला कडेवर घेऊन चौकटीबाहेरून येणाऱ्या बापाकडे बघायला लावते. नजरेचा तो खेळ सगळा आहे. विनोद तेवढा नाही.

विनोदाची जाण ज्यांच्यात भरपूर होती ते महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले, १८९० मध्ये जे. जे.त आलेले आणि विद्यार्थी, शिक्षक, अधिकारी अशा पायऱ्या चढत १९३१ मध्ये निवृत्त झालेले. या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिल्या. मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस कसा चालतो, कसा वाकतो, कसा तोरा मिरवतो हे त्यांच्याइतकं कोणी टिपलं नाही. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकाला त्यांचीच चित्रं आहेत. पण मोठ्या कॅनव्हासवर धुरंधरांनी रंगवली ती पुराणं, शिवचरित्र, लग्नसोहळे. नर्मविनोद गेला जलरंगांत, पुस्तकांच्या पानांत आणि पोस्टकार्डांवर.

याचं कारण मला चित्रकारांच्या स्वभावात दिसत नाही, बाजारात दिसतं. विल्की आणि फ्रिथ यांच्या मागे छापील प्रतींचा धंदा उभा होता. मूळ चित्र एक ड्यूक किंवा एक व्यापारी घेई, पण त्याची नक्कल घराघरांत जाई, आणि घराघरांत लोकांना हसायला हवं होतं. आपल्याकडे रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा घराघरांत गेली ती लक्ष्मी आणि सरस्वती. भिंतीवर लावायचं चित्र म्हणजे हात जोडायचं चित्र, हे गिऱ्हाइकानं ठरवून टाकलं होतं. तिथं खिसा कापला गेलेल्या माणसाचं चित्र कोण लावणार? महागडा कॅनव्हास आणि महिनोन्‌महिने लागणारी मेहनत त्यावर कोण घालणार, आणि त्याचं आधी ऑइल स्केच तरी कशाला करणार?

पोस्टकार्ड स्वस्त होतं, पाठवून विसरता येत होतं, म्हणून त्याला हसायची मुभा होती. पण त्याची रुंदी साडेपाच इंच. एवढ्याशा जागेत ठसठशीत म्हणून दोन-तीनच माणसं मावतात: एक ऐटीत चाललेली मोलकरीण, फार तर तिच्याकडे वळून बघणारा एखादा बाबू. त्या दोघांच्या मागे उभं राहून भलतंच काही बघणारं, जिलेबी चघळणारं पोरगं बसवायला कॅनव्हास लागतो.